साठला खिळलेली गाडी आणि मागचे मुके स्पीकर

पत्र:

नमस्कार. मी चिंचवडला राहतो. गेली दोन वर्षं घरी रेसिंगचा सेटअप जमवतोय. स्टिअरिंग, पेडल, लोखंडी फ्रेमवर बसवलेली बकेट सीट. पीसीत आय-५ १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, समोर २७ इंची १४४०पी मॉनिटर, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा. बाबांनी २०१२ साली घेतलेला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा, रिसीव्हर आणि त्याचे सगळे स्पीकर माळ्यावर पडून होते, ते दिवाळीच्या साफसफाईत खाली काढले. पीसीची एचडीएमआय रिसीव्हरला आणि रिसीव्हरची मॉनिटरला, असं जोडलं. आवाज असा आला की अंगावर काटा! पण चित्र १०८०पी झालं आणि आधी शंभराच्या वर मिळणारे फ्रेम बरोबर ६० वर आले. सराउंडचा लोड कार्डावर येतो का? मग मॉनिटर पुन्हा डिस्प्लेपोर्टने लावला आणि रिसीव्हरला ऑप्टिकल केबल दिली. आता चित्र झकास, पण मागचे स्पीकर मुके. रिसीव्हरवर प्रोलॉजिक लावलं की मागून काहीतरी येतं, पण शेजारची गाडी नेमकी कुठे आहे ते कळत नाही. दुकानदार म्हणतो, नवीन एचडीएमआय २.१ चा रिसीव्हर घ्या. मित्र म्हणतो, सोड ते सगळं, ७.१ चा हेडसेट घे. बायको म्हणते, रात्री साडेदहानंतर काहीच नको. काय करू?
— मागून मुका, चिंचवड

उत्तर:

मागूनमुके, आधी पाकीट खिशात ठेवा. तुमच्या पत्रात एक शब्द फार कामाचा आहे: ‘बरोबर’. फ्रेम बरोबर ६० वर आले, असं तुम्ही लिहिलंय. कार्डावर लोड आला की आकडा असा शिस्तीत उभा राहत नाही. तो ७३ होतो, ५८ होतो, गर्दीच्या वळणाला ४९ होतो. आकडा ६० ला खिळ्यानं ठोकल्यासारखा थांबला, तर कार्ड दमलेलं नाही, त्याला कुणीतरी अडवलंय. पुन्हा कधी तसं जोडलंत तर टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर बघा, निम्म्यावर लोळत पडलेला दिसेल. सराउंडचे सहा चॅनेल मिसळायला आजच्या प्रोसेसरला घाम फुटत नाही.

अडवणारा आहे तुमचा रिसीव्हर. त्याच्यावर चिडू नका, तो त्याच्या काळाप्रमाणे वागतोय. एचडीएमआय जोडली की पहिल्या क्षणी दोन्ही टोकांची ओळख होते. समोरचा सांगतो, मला एवढं रिझोल्यूशन चालतं, एवढे हर्ट्झ चालतात, एवढे चॅनेल ऐकू येतात. मध्ये रिसीव्हर बसला की कार्डाची ओळख मॉनिटरशी होतच नाही, रिसीव्हरशी होते. २०१२ च्या रिसीव्हरला टीव्हीची भाषा येते: १०८०पी, ६० हर्ट्झ, फार तर ४के ३० हर्ट्झला. १४४०पी आणि १६५ हर्ट्झ हे त्याच्या गावीही नाही. मग कार्ड मुकाट्यानं त्याला झेपेल ते पाठवतं, आणि तुमचा महागडा मॉनिटर मागे बसून तेच दाखवतो.

रेसिंगमध्ये हे का बोचतं त्याचा एक सरळ हिशोब. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. ६० हर्ट्झवर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत ती जवळजवळ एक मीटर पुढे गेलेली असते, १६५ हर्ट्झवर साधारण एक फूट. ब्रेकिंगची खूण पकडून गाडी वळवणाऱ्याला हा फरक डोळ्यांपेक्षा हातात आधी कळतो. म्हणून चित्र आणि आवाज यांत काही सोडायचंच असेल तर मी आवाज सोडीन, हे आधीच सांगून ठेवतो. पण तुम्हाला काहीच सोडायला लागणार नाही.

आता ऑप्टिकलचं. त्या केबलीतून साधा, न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. ५.१ न्यायचा तर तो आधी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून बांधावा लागतो. डीव्हीडीवर तो बांधूनच आलेला असतो, म्हणून बाबांच्या काळी ही केबल उत्तम चालली. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो, त्यामुळे तो चालू रेसमध्ये बांधणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते बहुतेक मदरबोर्डांबरोबर येत नाही. मिळालं तरी मी लावणार नाही. डॉल्बी डिजिटलची एक फ्रेम १५३६ सॅम्पलची असते. ४८ किलोहर्ट्झला ते झाले ३२ मिलिसेकंद, आणि एवढा आवाज गोळा झाल्याशिवाय गाठोडं बांधताच येत नाही. पलीकडे ते सोडायचा वेळ वेगळा. सिनेमात चित्र तेवढं मागे ठेवता येतं. इथे तुम्ही गाडी चालवताय. प्रोलॉजिकचं म्हणाल तर ते दोन चॅनेल ऐकून ‘हे मागचं असावं’ असा अंदाज बांधतं. शेजारची गाडी कुठे आहे हे त्याला तरी कुठून कळणार!

तर उपाय. मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहे तसाच राहू द्या, त्याला हात लावू नका. तुमच्या कार्डाची एचडीएमआय आता रिकामी आहे. तिथून रिसीव्हरला केबल द्या आणि रिसीव्हरच्या पुढे काहीच जोडू नका. चित्राची वाट वेगळी, आवाजाची वेगळी. माळ्यावरची जुनीच एचडीएमआय केबल चालेल. न दाबलेला आठ चॅनेलपर्यंतचा आवाज नेणं एचडीएमआयला पहिल्या आवृत्तीपासून येतं. म्हणजे चित्रासाठी तुमचा रिसीव्हर म्हातारा झालाय, पण आवाजासाठी आजही ताठ उभा आहे.

यात एक गोम आहे, आणि तिथेच लोक वैतागून सगळं उपटून टाकतात. एचडीएमआयमध्ये आवाजाला स्वतःची वेगळी तार नसते. चित्राच्या ओळी जिथे संपतात आणि पुढची सुरू व्हायची असते, त्या मधल्या मोकळ्या जागेत आवाज बसून जातो. एसटीच्या टपावरून बोचकं जावं तसं. गाडीच सुटली नाही तर बोचकं कसं जाणार? म्हणून विंडोज रिसीव्हरला ‘दुसरा मॉनिटर’ समजतं आणि कुणालाही न दिसणारा एक पडदा रंगवत बसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केलात की आवाजही गेला. मी त्याला भुताचा पडदा म्हणतो. भूत घालवायचं नाही, कोपऱ्यात बसवायचं.

बसवायचं असं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ चुकूनही नको. त्यात दोन्ही पडदे एकाच मापावर येतात आणि तुम्ही फिरून त्याच ६० वर. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये खऱ्या मॉनिटरला मुख्य करा आणि त्याचा रिफ्रेश १६५ आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. भुताच्या पडद्याला १२८० बाय ७२०, ६० हर्ट्झ एवढंच द्या. याहून खाली, ६४० बाय ४८० वगैरे करू नका. चित्र लहान केलं की टपावरची जागाही आखडते आणि जास्तीचे चॅनेल गळू शकतात. आता सेटिंगमध्ये दिसणारे ते दोन चौकोन माऊसने ओढून असे लावा की त्यांचा फक्त कोपऱ्याला कोपरा लागेल, तिरपे. बाजू बाजूला लागली की माऊसचा बाण त्या अदृश्य पडद्यावर निघून जातो. विंडोज ११ मध्ये पडद्यांच्या मधून बाण सहज सरकावा म्हणून एक वेगळी खूण असते, तीही काढून टाका.

हे मी शिकलो ते एका रविवारी. रेस सुरू व्हायला चार मिनिटं, बाण गायब, आणि पिटमधून बाहेर पडायचं बटण काही केल्या दाबता येईना. बाण भुताच्या पडद्यावर फिरत होता. मी माऊसच्या नावानं शंख करत सेल बदलले. ग्रिडवरून गाड्या सुटल्या तेव्हा माझ्या हातात सेलचं झाकण होतं.

तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, म्हणजे त्यात आतला ग्राफिक्स नाही. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये तो आहे त्यांनी रिसीव्हरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून पाहावी (बायोसमध्ये आतला ग्राफिक्स चालू ठेवावा लागतो). मग भुताचा पडदा दुसऱ्याच्या घरी राहायला जातो आणि मोठं कार्ड फक्त गेमकडे बघतं. तुम्हाला ती सोय नाही, पण फार बिघडत नाही. रिकाम्या पडद्याचं ओझं नगण्य असतं. फक्त त्याच्यावर हलतं वॉलपेपर किंवा चालू व्हिडिओ ठेवू नका. गेम पूर्ण पडद्यावर चालवा आणि मॉनिटरला जी-सिंक (रिफ्रेश गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर ते पूर्ण पडद्यापुरतं चालू ठेवून फ्रेमची मर्यादा १६० च्या आसपास लावा. विंडोज १० फार जुन्या आवृत्तीचं असेल तर अपडेट करा. वेगवेगळ्या रिफ्रेशचे दोन पडदे लावले की मुख्य पडदा अडखळायचा, तो त्रास २०२० च्या मे अपडेटपासून बराच निवळला.

आता आवाज. रन उघडून mmsys.cpl टाइप करायचं, ही अख्ख्या उत्तरातली एकच इंग्रजी अक्षरं. जुनी साउंड खिडकी उघडेल. रिसीव्हरचं नाव निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. इथे ५.१ दोनदा दिसू शकतं आणि लोकांना वाटतं, चुकून दोनदा छापलंय. तसं नाही. एकात मागचे दोन स्पीकर बाजूचे धरलेले असतात, दुसऱ्यात पाठीमागचे. एक लावून टेस्ट करा. डावा-उजवा सराउंड वाजला नाही तर दुसरं लावा. तुमचे मागचे स्पीकर मुके राहायचं हे आणखी एक संभाव्य कारण, म्हणून ऑप्टिकल काढल्यावरही ते गप्प राहिले तर घाबरू नका. यादीत फक्त स्टिरिओच दिसत असेल तर दोष विंडोजचा नाही. रिसीव्हरच्या मेन्यूत एचडीएमआयचा आवाज ‘टीव्ही’कडे सोडलेला असतो, तो ‘अ‍ॅम्प’वर आणा.

सगळं जुळलं की रिसीव्हरच्या तोंडावरच्या पट्टीवर ‘मल्टी चॅनेल इन’ किंवा तशा अर्थाचं काहीतरी उमटेल. ते दिसेपर्यंत गेम उघडू नका, कारण बरेच गेम सुरू होतानाच किती चॅनेल आहेत ते मोजून घेतात आणि मग बंद होईपर्यंत तेच धरून बसतात. रिसीव्हरवर हॉल, स्टेडियम, थिएटर असली जी बटणं असतील ती बंद करून ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्ट्रेट’ लावा, आणि लिप-सिंकचा विलंब शून्य करा. तो विलंब टीव्हीचं चित्र उशिरा येतं म्हणून असतो. तुमचं चित्र आता उशिरा येत नाही. आणि रोजची सवय: आधी रिसीव्हर चालू करायचा, मग पीसी. उलटं केलंत तर विंडोज आवाज भलतीकडेच वळवून बसतं.

परीक्षा घ्यायला अ‍ॅसेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेसारखा सिम घ्या आणि कॉकपिट कॅमेऱ्यात आधी मर्सिडीजची एएमजी जीटी३ चालवा. तिचं ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन तुमच्या पुढे आहे. मग पोर्शची ९११ जीटी३ आर घ्या. तिचं इंजिन पाठीमागे. दोन्ही गाड्यांचा आवाज समोरूनच येत असेल तर कुठेतरी अजून स्टिरिओ शिल्लक आहे. नंतर मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे डावी-उजवी जोडवळणं असतात तिथे, पाचसहा गाड्यांच्या गर्दीत शिरा. सराउंडची खरी किंमत तिथे वसूल होते: आतल्या बाजूला कुणी नाक घातलंय ते आरशात बघायच्या आधी उजव्या खांद्याच्या मागे ऐकू येतं. जोडीला क्रू चीफ हे फुकटचं अ‍ॅप लावा. त्यातला स्पॉटर ‘डावीकडे गाडी’ असं तोंडानं सांगतो. खरं सांगायचं तर स्पर्धा जिंकायला तो स्पॉटर महागड्या सराउंडपेक्षा जास्त उपयोगी. सराउंड आपण गाडीत बसलोय असं वाटायला.

आता एक गोष्ट जी कुठल्या खोक्यावर छापलेली नसते: तुमची बकेट सीट. तिचे डोक्याशेजारचे पंख मागच्या स्पीकरच्या आणि तुमच्या कानांच्या बरोबर मध्ये येतात. सोफ्यासाठी मागचे स्पीकर कानाच्या उंचीला, पुढून मोजून साधारण ११० अंशावर लावतात. सीटमध्ये बसून तसं केलंत तर वरचे बारीक आवाज, म्हणजे नेमका टायरचा चीत्कार, फोममध्ये अडकतो आणि मागची गाडी रजईतून ओरडल्यासारखी वाटते. म्हणून मागचे स्पीकर दीडदोन फूट उंच करा आणि तोंड खाली, कानांकडे वळवा. भिंतीत खिळे मारण्याआधी पुस्तकांच्या चवडीवर ठेवून ऐका. मधला स्पीकर मॉनिटरच्या मागे दडवू नका, खाली ठेवून वर रोखा. पुढचे दोन मॉनिटरच्या काठांच्या बाहेर हवेत. उद्या तीन मॉनिटर घेतलेत तर या दोघांची जागा जाईल, तेव्हा ते वर न्यायला लागतील. आणि हो, तीन मॉनिटर घेतले तरी ही जोडणी टिकते. तुमच्या जातीच्या बहुतेक कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असते: तीन पडद्यांना, चौथी भुताला.

दुकानदाराच्या रिसीव्हरबद्दल. एचडीएमआय २.१ चा रिसीव्हर मध्ये बसवून ४के १२० हर्ट्झ नेता येतं, हे खरं. पण २.१ हा शिक्का एकच असला तरी आतली रुंदी प्रत्येकाची वेगळी, कुठे २४ गिगाबिट, कुठे ४०. २०२० साली बाजारात आलेल्या काही रिसीव्हरांच्या चिपमध्ये तर ४के १२० ला पडदा काळाच पडायचा. शिवाय तुमचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर सुखी आहे, त्याला मधला माणूस हवाच कशाला? ज्यांच्यासमोर मॉनिटरऐवजी १२० हर्ट्झचा मोठा टीव्ही आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांनी पीसी थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीच्या ई-एआरसीमधून आवाज रिसीव्हरला परत आणावा. ‘ई’ महत्त्वाचा. नुसत्या एआरसीत ऑप्टिकलचंच रडगाणं आहे. आणि ई-एआरसी टीव्हीला हवी तशी रिसीव्हरलाही हवी, म्हणजे २०१२ चा तिथे बाद.

मित्राच्या हेडसेटमध्ये ७.१ लिहिलेलं असलं तरी बहुतेकांत दोन कानांना दोनच छोटे स्पीकर असतात, बाकीचं सॉफ्टवेअर. तेच काम विंडोज सॉनिक फुकट करतं, घरात आहे त्या साध्या स्टिरिओ हेडफोनवर. फक्त एकावर एक दोन सराउंड चढवू नका. गेम हेडफोनसाठी स्वतःच आवाज फिरवत असेल तर विंडोजचं बंद ठेवा.

हेडफोनचा विषय निघालाच आहे तर वहिनींच्या अटीकडे येतो, कारण मला ती अट पटते. रात्री सबवूफर बंद हे तर झालंच, पण खालच्या मजल्यावर जाणारी निम्मी धडधड सबवूफरची नसतेच. लोखंडी फ्रेम थेट लादीवर असते, आणि स्टिअरिंगची मोटर आणि ब्रेक पेडलवरची लाथ तिच्यातून सरळ स्लॅबमध्ये उतरते. फ्रेमच्या चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला. मग हौस असेल तर सीटच्या बुडाशी एक बेस शेकर, म्हणजे सीट थरथरवणारं यंत्र, बसवा. त्याला लागतो एक छोटा अ‍ॅम्प आणि सिमहब हे सॉफ्टवेअर. आवाज एचडीएमआयने गेल्यामुळे मदरबोर्डचा हिरवा जॅक रिकामा आहेच, तो शेकरला द्या. शेकरला गेमचा आवाज पाठवू नका, टेलिमेट्री, म्हणजे गाडीत काय चाललंय त्याची माहिती, पाठवा: एबीएस, चाक लॉक होणं, कर्बवर चढणं. नाहीतर नुसतं इंजिन ढुंगणाखाली गुरगुरत राहतं आणि दहा मिनिटांत पाठ बधिर होते. शेकर आणि सीट यांचा मिळून फ्रेमशी सांधा रबरातून घ्या, म्हणजे धक्का तुम्हाला बसेल, खालच्या काकांना नाही.

साडेदहाला रिसीव्हर बंद कराल तेव्हा भुताचा पडदा जाईल आणि उघड्या खिडक्या क्षणभर इकडेतिकडे उड्या मारतील. त्याआधी गेम बंद करा, आवाज हेडफोनवर वळवा, मग रिसीव्हर. एक फेरी बाकी असताना रिसीव्हरचं बटण दाबू नका. मी दाबलंय.